शेलारमामाच्या गावातील म्हातारपण

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर जे घडले, त्याची कथा महाराष्ट्रात दोन प्रकारे सांगितली जाते. सभासदाच्या बखरीत तानाजी मालुसरे आणि उदेभान एकमेकांच्या वारांनी पडतात आणि सूर्याजी मावळ्यांना सावरून गड घेतो. शाहिरांच्या पोवाड्यात मात्र आणखी एक माणूस उभा राहतो. तो म्हणजे ऐंशी वर्षांचा शेलारमामा. भाचा पडल्यावर हा म्हातारा शस्त्र उपसतो आणि उदेभानाचा सूड घेतो. बखर खरी की पोवाडा खरा, हा वाद इतिहाससंशोधकांनी घालावा. महत्त्वाचे एवढेच की, ज्या समाजाने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या डफावर ऐकली, त्याला ऐंशीव्या वर्षी रणात उभा राहणारा माणूस अशक्य कोटीतला वाटला नाही. उतारवयातही देह कसलेला राहू शकतो, ही गोष्ट त्या समाजाने गृहीत धरली होती.

हा शेलारमामा लोकपरंपरेप्रमाणे कुडपणचा. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे सह्याद्रीच्या कुशीत पोलादपूर तालुक्यातले हे गाव वसले आहे. तानाजीचे उमरठ याच तालुक्यात. पर्यटनाच्या जाहिरातींनी कुडपणला अलीकडे ‘मिनी महाबळेश्वर’ करून टाकले आहे. पावसाळ्यात धबधबा पाहायला आणि ‘भीमाची काठी’ नावाच्या सुळक्यापुढे छायाचित्र काढायला शहरांतून गाड्या येतात. आलेला पाहुणा शेलारमामाची कथा ऐकतो, मान डोलावतो आणि संध्याकाळी परत जातो. त्याच डोंगरवाटांवर डोक्यावर भारा घेऊन जी साठी-सत्तरीची माणसे चाललेली असतात, त्यांच्या गुडघ्यांचे काय होते, हा प्रश्न त्याला पडत नाही. शेलारमामा पूज्य, त्याच्या वयाची माणसे बेदखल! मराठी समाजाच्या इतिहासभक्तीचे मर्म या एका विसंगतीत सापडते.

शहरांत आज म्हातारपणीच्या व्यायामाला प्रतिष्ठा आली आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. सकाळच्या वेळी कोणत्याही मोठ्या शहरातील उद्यानात डोकावले, तर निवृत्त माणसांचे घोळके दिसतात. कोणी योगासने करतो, कोणी हास्यक्लबात हसतो, कोणी चिनी ताय-चीच्या संथ हालचाली शिकतो, कोणी तरुणपणी सुटलेली लाठी पुन्हा हाती घेतो. या माणसांची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. उघड्या हवेत, चार सोबत्यांबरोबर, शिस्तीने केलेला व्यायाम हे म्हातारपणीचे मोठे सुख आहे. पण सकाळचा तो एक तास आकाशातून पडत नाही. त्याच्यामागे तीन गोष्टी उभ्या असतात: महिन्याच्या महिन्याला येणारे निवृत्तिवेतन, पालिकेने राखलेली सपाट मोकळी जागा, आणि ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही असा वेळ. या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत तो ‘ज्येष्ठ नागरिक’ ठरतो. ज्याच्याजवळ त्या नाहीत तो नुसताच म्हातारा होतो. म्हातारपणालाही वर्ग असतो तो असा.

कुडपणसारख्या गावाचे नाव निघाले की यावर एक ठरलेले उत्तर ऐकवले जाते. खेड्यातल्या माणसाला व्यायामाची गरजच काय? तो दिवसभर राबतो, डोंगर चढतो, शुद्ध हवा खातो. त्याचे आयुष्य हाच व्यायाम! हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते मुळातच खोटे आहे. दुसऱ्याच्या कष्टांकडे पाहून ज्यांना काव्य सुचते, त्यांनी रचलेली ही अंधश्रद्धा आहे.

श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. भाताच्या लावणीत बाई सबंध दिवस कमरेत वाकून चिखलात उभी असते. तिच्या कण्याच्या त्याच भागावर, त्याच दिशेने, तासन्‌तास ताण येतो. लाकडाची मोळी किंवा पाण्याचा हंडा मानेवर आणि गुडघ्यांवर जे ओझे टाकतो, ते देह थकला म्हणून हलके होत नाही. उतारावर नाचणी-वरीचे शेत कसणारा म्हातारा दमला म्हणून थांबू शकत नाही, कारण पाऊस त्याच्यासाठी थांबत नाही. कामात देहाने कामाप्रमाणे वागायचे असते. व्यायामात मात्र हालचाल देहाप्रमाणे बेतलेली असते. व्यायामात दोन्ही बाजूंना सारखे वळण मिळते, श्वासाला लय मिळते, थकल्यावर थांबता येते आणि थकवा भरून येईल इतकी विश्रांती व पुरेसे अन्न मिळते. थोडक्यात, व्यायाम देहात भर घालतो. विसाव्याविना केलेला श्रम देहातून खर्च करतो. साठीनंतर हा खर्च भरून येत नाही. गिरणीत उभ्याने आयुष्य घालवून गावी परतलेला कामगार आणि गावातच राबलेली त्याची बायको दोघेही साठीला वाकतात. राबणे हाच व्यायाम असता, तर त्यांच्याइतके ताठ म्हातारपण देशात कोणाचेच नसते.

ताय-ची म्हणजे नेमके काय, हे पाहिले म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. ही मूळची युद्धकला. तिच्यात गुडघे किंचित वाकवून, कणा सरळ ठेवून, देहाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अत्यंत सावकाश न्यायचा असतो. दिसायला हे सोपे वाटते, पण मांड्यांना, घोट्यांना आणि तोल सांभाळणाऱ्या साऱ्या यंत्रणेला त्यात कसून काम करावे लागते. वय वाढते तसे स्नायू झिजतात, पावलाखालच्या जमिनीचे भान मंद होते, आणि एका निसरड्या क्षणी माणूस पडतो. म्हातारपणीचे असे एक पडणे, खुब्याचे एक हाड मोडणे, पुष्कळदा अंथरुणाला कायमचे खिळवते. २०१९ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नियमित व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते आणि ताय-चीने सुमारे १९ टक्क्यांनी, असा त्याचा निष्कर्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करण्याचा सल्ला दिला. हा सल्ला खरा तर सर्वात आधी लागू पडायला हवा तो शेवाळलेल्या पायवाटांच्या आणि ताशीव उतारांच्या गावांना. पण तो पोचला तो गुळगुळीत फरशीच्या उद्यानांत.

ताय-ची ही मुळात उद्यानांची कला नव्हती, ही गोष्ट इथे विसरता कामा नये. तिची एक प्रमुख परंपरा चीनच्या हेनान प्रांतातील चेन्-जिया-गोऊ या शेतकऱ्यांच्या गावात रुजली, आणि सतराव्या शतकातील चेन वांगटिंग हा तिचा मूळपुरुष मानला जातो. म्हणजे सह्याद्रीत मावळे गड चढत होते त्याच शतकात एका चिनी खेड्यातील लोकही शस्त्रविद्येचा सराव करत होते. फरक पुढे पडला. १९५६ साली चीनच्या शासकीय क्रीडा आयोगाने या विद्येतून चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम सिद्ध केला. घराण्यांच्या वर्तुळात फिरणारी विद्या त्यामुळे सामान्य माणसाच्या अंगणात आली. २०२० मध्ये युनेस्कोने ताय-चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. याचा अर्थ चीनमध्ये सारे आलबेल आहे असा नव्हे. तिथेही बाजाराने या विद्येला विक्रीचा माल बनवले आहे, आणि तिथल्या खेड्यातील म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन शहरी निवृत्ताच्या तुलनेत नगण्य आहे. पण १९५६ चा धडा पक्का आहे. युद्धकलेला म्हाताऱ्यांच्या व्यायामाचे रूप देणे हे सार्वजनिक सत्तेला जमण्यासारखे काम आहे. त्यासाठी लागते ती इच्छा.

महाराष्ट्राला हे उसने आणण्याचीही गरज नव्हती. मर्दानी खेळातील पवित्रे म्हणजे तरी दुसरे काय? लाठी, पट्टा, बोथाटी शिकवताना वस्ताद आधी पाय शिकवतो. भार कुठल्या पावलावर, कंबर किती वळली, नजर कुठे, हे आधी आणि हत्यार मागून. हेच पवित्रे संथ केले, पट्ट्याऐवजी हातात हलकी काठी दिली आणि पडण्याच्या भीतीने आखडलेल्या पायांना पुन्हा विश्वास दिला, तर उतारवयाला शोभणारा मराठी व्यायाम तयार होतो. विद्या घरचीच आहे. तिच्यावर चोवीस हालचालींसारखे साधे सार्वजनिक काम कोणी केलेले नाही, इतकेच.

या विद्येचा खरा वारसाही तपासून पाहण्यासारखा आहे. पुण्यात एकोणिसाव्या शतकात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. १७९४ साली जन्मलेले लहुजी १८८१ साली वारले; म्हणजे शेलारमामाला पोवाड्याने दिलेले वय त्यांनी प्रत्यक्षात ओलांडले. मातंग समाजातल्या या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. १८४८ नंतर मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळांवर सनातन्यांचा रोष ओढवला, तेव्हा पन्नाशी उलटलेले लहुजी फुल्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या काळी जे हात अस्पृश्य ठरवले गेले होते, त्यांनीच वरच्या जातींच्या मुलांच्या हाती पट्टा दिला. तालीम ही त्या समाजात जातीची भिंत भेदणारी जागा होऊ शकत होती, आणि म्हातारा वस्ताद तिचा अधिपती होता. त्याचे वय ही अडचण नव्हती. ती त्याची पदवी होती.

पुढे मुंबईच्या गिरणगावात चाळीचाळींतून व्यायामशाळा उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांचे देह तिथे घडले आणि त्यांची एकीही तिथेच घडली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आणि त्यानंतरचा गिरण्यांचा अंत यांनी ते सारे जग मोडले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांच्या पोटात वातानुकूलित व्यायामगृहे आहेत, आणि त्यांची फी गावी परतलेल्या कामगाराला न परवडणारी आहे.

इथे डाव्या चळवळीनेही आपला दोष पदरी घ्यावा. तालीम, आखाडा, लाठी हे शब्द प्रतिगामी आहेत असे समजून तिने ते मैदान सोडून दिले. सोडलेले मैदान रिकामे राहत नसते. तिथे धर्माच्या नावाने मिरवणुका काढणारे शिरले, आणि ज्या विद्येने लहुजींच्या हाती फुल्यांचे रक्षण केले, तीच शेजाऱ्याला दरडावण्यासाठी वापरली जाऊ लागली. शस्त्र हाती घेणारा देह कोणाच्या बाजूने उभा राहील हे शस्त्र ठरवत नाही, तालमीतले शिक्षण ठरवते. ते शिक्षण परक्यांच्या हवाली करणे हा वैचारिक सोवळेपणा नव्हे, तो पराभव आहे.

राज्यकर्त्यांचे वर्तन तर प्रहसनाच्या पातळीला पोचले आहे. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा दर्जा मिळाला. २०२५ च्या जुलैमध्ये रायगड आणि प्रतापगड यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. शस्त्राला दर्जा मिळाला, दगडाला दर्जा मिळाला. शस्त्र धरणाऱ्या आणि दगड वाहणाऱ्या माणसांच्या वंशजांना काय मिळाले? २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो, सतरंज्या अंथरल्या जातात, मंत्री आसने करतात. जूनचा तो आठवडा म्हणजे सह्याद्रीच्या या पट्ट्यात कोसळत्या पावसाचा आणि शेतीच्या घाईचा काळ. त्या दिवशी उघड्यावर सतरंजी अंथरा म्हणणाऱ्याला ना पावसाची ओळख आहे, ना भाताची. वयोश्री योजनेतून २०२४ पासून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याची घोषणा झाली. गुडघा निकामी झाल्यावर पट्टा द्यायचा. तो निकामी होऊ नये म्हणून मात्र काही करायचे नाही. श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाहाय्य २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले, म्हणजे दिवसाला ५० रुपये. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना ऐंशीच्या आतील वृद्धाला आजही महिना २०० रुपयांवर अडून आहे. शेलारमामाच्या वयाला पोचल्यावर त्याचे ५०० होतात. ऐंशी वर्षांच्या वीराची किंमत दिल्लीच्या दप्तरात ही अशी लिहिलेली आहे.

म्हणूनच एक इशारा आधीच देऊन ठेवला पाहिजे. म्हाताऱ्यांनी व्यायाम करावा, हे वाक्य सरकारला फार आवडण्यासारखे आहे, कारण त्याला खर्च येत नाही. उद्या हेच सरकार सांगेल की दवाखाना कशाला हवा, पवित्रे करा. निवृत्तिवेतन कशाला हवे, श्वासावर लक्ष द्या. या ढोंगाला जागा देता कामा नये. रिकाम्या पोटी केलेला व्यायाम हाही श्रमच ठरतो. सत्तरीच्या माणसाला दिवसाच्या मजुरीसाठी दुसऱ्याच्या शेतात उतरावे लागत असेल, तर पहाटे त्याला काठी फिरवायला सांगणे ही क्रूर थट्टा होईल. किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन ही वृद्धांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि व्यायामाचा विचार तिच्या मागोमाग येतो, तिच्या जागी नव्हे. आधी विसावा, मग व्यायाम.

पण निवृत्तिवेतन मिळेपर्यंत बाकीचे सारे थांबवावे, असाही याचा अर्थ नाही. कुडपणसारख्या गावात सपाट जमीन दुर्मिळ असते. जी आहे तिच्यात खाचरे आहेत. अशा गावांत सर्वांच्या मालकीची सपाट जागा बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे अंगण. तरुण कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे गेल्याने या शाळांचे पट ओसरले आहेत. पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली, ही जनगणनेची साक्ष आहे. पट कमी म्हणून शाळांना कुलूप लावण्याची भाषा मंत्रालयातून अधूनमधून होते. कुलूप लागले की गाव आपली शाळाही गमावते आणि आपले मैदानही. ती शाळा टिकवा, आणि तिच्या अंगणात सकाळी अर्धा तास गावातील साठीपुढची माणसे जमू द्या. मुसळधार महिन्यांसाठी तिथेच एक पत्र्याची मोठी पडवी बांधा. जिल्हा परिषदेच्या खर्चात ती रक्कम शोधायला भिंग लागेल. तालुक्याच्या पातळीवर मर्दानी खेळ जाणणारा एक शिक्षक मानधनावर नेमा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्याकडून संथ पवित्र्यांचा एक क्रम बसवून घ्या. हे काम आशा सेविकेच्या डोक्यावर फुकटात लादू नका. तिच्यावर आधीच पुरेशी फुकट कामे लादलेली आहेत.

या अंगणात कोण येऊ शकेल, हा प्रश्न मात्र गावकऱ्यांनीच सोडवायचा आहे. ‘मर्दानी’ या नावातच निम्म्या गावाला दाराबाहेर उभे केले आहे, आणि पुरुष कमावण्यासाठी बाहेर गेलेल्या गावांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांत बायकाच अधिक असतात. साठीची बाई काठी हातात घेऊन अंगणात उभी राहिली, तर पारावरून हसणारे दोघेचौघे निघतील. त्यांना हसू द्यावे. तिला उभे राहू द्यावे. देवळाचे आवार सर्वांचे असतेच असे नाही. शाळेचे अंगण सर्वांचे असलेच पाहिजे. याच मुलुखातील महाडने २० मार्च १९२७ ला सार्वजनिक पाणी कोणाचे हा प्रश्न साऱ्या देशाला विचारला होता. सार्वजनिक जमीन कोणाची, हा त्याचाच पुढचा भाग आहे.

पोवाड्यातला शेलारमामा ऐंशीव्या वर्षी लढू शकला, कारण त्याच्या देहाला आयुष्यभर सराव होता आणि त्याच्या वयाला मान होता. आज त्याच्या नावाला जयजयकार आहे आणि त्याच्या गावाला महिना १,५०० रुपये, तेही उत्पन्नाचा दाखला घेऊन तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या दारी गेल्यावर. ज्यांना शेलारमामाचा खरोखर अभिमान वाटतो, त्यांनी त्याचा आणखी एक पुतळा उभारू नये. कुडपणच्या शाळेचे अंगण सारवून घ्यावे, गावातल्या म्हाताऱ्यांना तिथे बोलवावे आणि त्यांच्या पोटाची चिंता आधी मिटवावी. पुतळ्याला गुडघे दुखत नाहीत. म्हणूनच तो राज्यकर्त्यांना परवडतो.